व्हिडिओत पियानो वाजत होता, पण इंटरफेसमधून नाही : माझे १४,५०० रुपये गेले

हे लिहायला तीन आठवडे लागले, कारण लाज वाटत होती. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय आणि सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस (आयपॅडचा आवाज मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी पेटी) घेताना फसलो, हे घरात सांगायलाही जीभ रेटत नव्हती. पण गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आलेत, आपल्यातले कितीतरी जण आत्ता असंच सामान शोधत असतील. म्हणून लिहितोय.

माझा आयपॅड नवव्या पिढीचा, लायटनिंगवाला. त्यातला पियानो आणि स्ट्रिंग्ज कार्यक्रमात वापरतो. आजवर हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून मिक्सरला देत होतो. चार्जर लावला की स्पीकरमधून घूं सुरू, आणि चार्जर काढावा तर तीन तास बॅटरी टिकेल याचा भरवसा नाही. त्यात कीबोर्ड जुना, यूएसबी नाही, मागे फक्त पाच पिनांचा मिडी, म्हणजे कुठली पट्टी दाबली हे दुसऱ्या यंत्राला कळवणारी जोडणी. म्हणजे मला मिडी इन-आउट असलेला क्लास कम्प्लायंट इंटरफेस हवा होता, ड्रायव्हरशिवाय आयपॅडवर चालणारा. आणि चार्जिंगचं भोक असलेला कॅमेरा अडॅप्टर, म्हणजे यूएसबीची वस्तू आयपॅडला जोडणारा तुकडा. जाहिरातीत नेमकं हेच दोन्ही होतं. इंटरफेस ९,५००, अडॅप्टर २,८००, कुरिअर ३५०. एकूण १२,६५०.

मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. विकणाऱ्याशी फोनवर अर्धा तास बोललो. "दादा, मीपण कार्यक्रम करतो, आता लॅपटॉपवर गेलोय म्हणून काढतोय," म्हणाला. बफर (आवाज किती मोठ्या तुकड्यांत पुढे जातो ते सेटिंग) १२८ वर ठेवा, आवाज तुटला तर २५६ करा, हेसुद्धा त्यानेच सांगितलं. हे ज्याला माहीत आहे तो आपल्यातलाच, असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. तरी मी चालू असल्याचा व्हिडिओ मागितला आणि त्याने दहा मिनिटांत पाठवला.

तो व्हिडिओ मी सहा वेळा पाहिला. निळं मेणकापड घातलेलं टेबल, त्यावर आयपॅड, अडॅप्टर, केबल आणि इंटरफेस. इंटरफेसची पुढची बाजू किंचित भिंतीकडे वळवलेली. एक हात येतो, पडद्यावरच्या पियानोवर सा ग प वाजवतो, आवाज खणखणीत येतो. मग तो हात आयपॅडच्या कडेचं बटण दाबतो आणि आवाज वाढतो.

इथेच मला कळायला हवं होतं. इंटरफेस खरोखर जोडला गेला की आयपॅडचा स्वतःचा स्पीकर गप्प होतो. आवाज निघतो तो इंटरफेसच्या आउटमधून किंवा त्याला लावलेल्या हेडफोनमधून. व्हिडिओत ना हेडफोन होता, ना स्पीकर. आवाज थेट आयपॅडमधून येत होता. अशा बहुतेक इंटरफेसना आयपॅडचं बटण आवाज वाढवू देत नाही, आवाज नॉबने वाढतो. हे मी दुसऱ्या पोरांना शिकवलंय! आणि मी सहाही वेळा केबल नीट बसली आहे का तेवढंच बघत राहिलो.

५,००० आगाऊ दिले, कुरिअरची पावती आल्यावर ७,६५०. पार्सल आलं, वजनदार होतं. अडॅप्टर लावला तर 'ही अॅक्सेसरी चालणार नाही' अशा अर्थाची सूचना, आणि इंटरफेसचा दिवा लागेना. आता सांगा, आयपॅडला इंटरफेस लावताना वीज कमी पडते हा त्रास आपल्यापैकी कुणाला नाही? मी चार्जर बदलला, शेजारच्या साउंडवाल्याकडून स्वतंत्र विजेचा हब आणला, केबल बदलली. दोन दिवस गेले त्यात. त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, अडॅप्टर गेला असेल, बदलून देतो, पिकअपचे १,८५० भरा, परत मिळतील." ते पण भरले. त्यानंतर फोन बंद.

मग चार स्क्रू काढले. आत सर्किटच नाही. नॉब नुसते बाहेरून बसवलेले, आणि तळाला एम-सीलने चिकटवलेला फरशीचा तुकडा. मिडीच्या भोकांच्या मागे एकही वायर नाही. हातात ती फरशी धरून मी किती वेळ बसलो होतो, माहीत नाही.

त्यानंतरचा त्रास पैशांपेक्षा मोठा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लागला, तक्रार नोंदवली, तर पहिला प्रश्न, "दोन दिवस काय करत होता?" बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं की खासगी माणसाकडून घेतलेली वस्तू आमच्याकडे बसत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे, वस्तू तर आली आहे ना, मग हा तुमचा आपसातला व्यवहार. फरशी टेबलावर ठेवली तर साहेब हसले. हसले! १४,५०० म्हणजे माझे चार कार्यक्रम. समोरचा दुसऱ्या शहरातला म्हणून हद्दीचा मुद्दा काढला. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, हे मी मोबाइलवर उघडून दाखवलं. तेव्हा कुठे एक साधा अर्ज घेतला, पोच मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. एफआयआर आजही नाही. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार 'प्रक्रियेत' आहे, तशीच.

व्हिडिओ मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. समोर केबल काढायला लावा. काढल्यावर आवाज आयपॅडवर आला पाहिजे, लावल्यावर गेला पाहिजे. दिवा दाखवायला सांगा. मिडी घेत असाल तर कीबोर्डची पट्टी दाबून अॅपमध्ये नोट हललेली दिसू द्या. सिरियल नंबर आधी मागा. शक्यतो स्वतः जाऊन, वाजवून, रोख द्या; मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानात उभं राहून दोन हजार जास्त दिले असते तरी परवडलं असतं. पार्सल फोडताना शूटिंग करा, मी केलं नव्हतं आणि तेच प्रत्येकाने मला विचारलं. आणि संशय आला की केबल बदलत बसू नका, त्याच मिनिटाला १९३०, हातात यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक घेऊन.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, इंटरफेस आता ८,५०० ला. मी दुसऱ्या नंबरवरून व्हिडिओ मागितला. दहा मिनिटांत आला. तेच निळं मेणकापड, तोच हात, तेच सा ग प.