व्यवसायाचा लेख: स्वतः लिहावा, लिहून घ्यावा की एआयकडून काढावा?

मे महिन्यातली दुपार होती. भांडुपला एका ताईंच्या घरी बसलो होतो. मालवणी मसाल्याचा त्यांचा घरगुती धंदा, आणि पावसाआधीचे हे दिवस म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी कमाई. कढईत दगडफूल भाजलं जात होतं, गॅलरीत बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या वेगवेगळ्या सुपांत वाळत होत्या, आणि टेबलावर तीन कागद होते. एक लेख ताईंनी स्वतः लिहिलेला, दुसरा पैसे देऊन लिहून घेतलेला, तिसरा मुलाने एआयकडून काढलेला. "दादा, यातला कुठला इंटरनेटवर टाकू ते सांगा," ताई म्हणाल्या.

छोट्या व्यावसायिकांचे लेख तपासून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो. पण एकाच मालाचे तीन लेख असे शेजारी-शेजारी क्वचित मिळतात. तिघांची पहिली वाक्यं बघा.

ताईंचं: "सासूबाईंच्या आशीर्वादाने आणि ग्राहकांच्या प्रेमाने सुरू झालेला आमचा मसाला आज घराघरांत पोहोचला आहे."

विकतच्या लेखाचं: "भारतीय खाद्यसंस्कृतीत मसाल्यांना अनन्यसाधारण महत्त्व आहे."

एआयचं: "तुम्ही अस्सल मालवणी चवीच्या शोधात आहात का? मग तुमचा शोध इथेच संपतो!"

मी तिन्ही वाचत असतानाच ताईंचा फोन वाजला. ठाण्याहून कोणी बाई विचारत होत्या, कोंबडीला आणि मासळीला एकच मसाला चालेल का. ताई गॅस बारीक करून बोलायला लागल्या. "हो, कोंबडी-मटणाला हाच घाला. बांगड्याच्या तिखल्याला घालणार असाल तर निम्मा घाला आणि चार तिरफळं ठेचून टाका. पण सुरमई तळायची असेल ना, तर हा घालूच नका. गरम मसाल्याने माशाची चव मरते. नुसती हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावा." तीन-चार मिनिटं बोलल्या असतील. फोन ठेवताना त्या बाईंनी एक किलोची ऑर्डर दिली होती.

ताई फोनवर जे बोलल्या त्यातला एक शब्दही तिन्ही कागदांवर नव्हता. व्यवसायासाठी लेख लिहिताना होणारी सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती तिन्ही वाटांवर होते. फक्त प्रत्येक वाटेवर तिचं कारण वेगळं असतं. म्हणून कोणती वाट धरायची हे ठरवण्याआधी कुठे काय चुकतं ते बघून घ्यावं.

मालकाने स्वतः लिहिलेला लेख

मालकाकडे माल असतो, अनुभव असतो आणि गिऱ्हाइकाचे प्रश्न तोंडपाठ असतात. पण हाती पेन आलं की माणूस एकदम समारंभाला उभा राहिल्यासारखा बोलतो. फोनवर "निम्मा घाला" म्हणणाऱ्या ताई कागदावर "दर्जेदार, खात्रीशीर आणि रुचकर" लिहितात. लेखाची पहिली दोन परिच्छेदभर जागा घराण्याचा इतिहास खातो. हा इतिहास त्यांना प्रिय आहे, असायलाच हवा. पण दादरला गाडी बदलताना मोबाईलवर वाचणाऱ्याला आधी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. ते मिळालं तर तो सासूबाईंची गोष्टही आवडीने वाचेल, पण नंतर.

दुसरी चूक सगळं एकाच लेखात कोंबण्याची. ताईंच्या लेखात मसाला होता, कुळथाचं पीठ होतं, कोकम होतं, दिवाळीचा फराळ होता आणि शेवटी केटरिंगच्या ऑर्डरीही होत्या. वाचणाऱ्याला कशासाठी फोन करायचा तेच कळत नाही. एका लेखात एकच प्रश्न घ्यावा. "एक किलो मसाला चार माणसांच्या घरात किती दिवस पुरतो?" हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. "बरणीत हिंगाचा खडा का ठेवतात?" हाही आहे.

तिसरी चूक ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामुळे मी ऑर्डरी बुडालेल्या पाहिल्या आहेत. किंमत, पाकिटाचं वजन, पोहोचवण्याचा भाग, फोनची वेळ, यातलं काहीच लेखात नसतं. मालकाला ते इतकं माहीत असतं की लिहायचं सुचत नाही. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांकही द्यावा. अनोळखी घरातून खाण्याची वस्तू मागवणाऱ्याला त्याचा मोठा आधार वाटतो.

लिहून घेतलेला लेख

इथे भाषा सफाईदार असते, शुद्धलेखन नीट असतं, वेळ वाचतो. चुका मात्र जास्त खोल असतात, आणि मालकाच्या त्या लक्षात येत नाहीत, कारण लेख दिसायला छान असतो.

ताईंनी शब्दावर पैसे दिले होते. शब्दावर पैसे दिले की शब्द वाढतात. "अनन्यसाधारण महत्त्व" हे त्या हिशेबातून येतं. लिहिणारा भांडुपला आलाच नव्हता, त्याने मसाला हुंगला नव्हता, त्यामुळे त्याला सर्वसाधारण माहितीवरच वेळ मारून न्यावी लागली. त्याच लेखात "मुंबईतील सर्वोत्तम मालवणी मसाला" हे शब्द नऊ वेळा आले होते, एकदा तर वाक्यात बसतही नव्हते. शोधात वर येण्यासाठी केलेली अशी शब्दांची भरताड गूगलच्या नियमांत स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मजकुरात, मोडते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका पीठ गिरणीवाल्यांसाठी असाच लेख लिहिला होता. त्यांनी तो वाचून मला विचारलं, "आमच्या गिरणीत ज्वारीचा दगड वेगळा आहे, ते कुठे लिहिलंय?" मी ते विचारलंच नव्हतं. त्यांचे पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढची गोष्ट जपून करायची आहे. विकतच्या लेखाच्या मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं की या मसाल्यातली हळद आणि दालचिनी मधुमेह आटोक्यात आणते आणि कर्करोगापासून बचाव करते. लिहिणाऱ्याने ते कुठून तरी उचललं असणार. पण लेख ताईंच्या नावाने जाणार होता. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा ठरावीक आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तीच चूक झाली तर पन्नास लाखांपर्यंत. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ ची वेगळी नियमावली आहे. "नैसर्गिक", "पारंपरिक", "अस्सल" हे शब्द वापरायलाही तिच्यात अटी आहेत. लेख म्हणजे काही जाहिरात नव्हे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्याचा हेतू माल विकण्याचा असेल तर तो जाहिरातच धरला जाऊ शकतो.

"नंबर वन" आणि "सर्वोत्तम" या शब्दांचंही तेच. १९८५ पासून मुंबईतूनच काम करणारी जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, अशा दाव्याला पुरावा मागते. ताईंकडे पुरावा नाही. त्यांच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे: बेडगी रंगासाठी किती आणि संकेश्वरी तिखटासाठी किती, हे त्यांना नेमकं सांगता येतं. तेच लिहावं.

लिहून घेणार असाल तर आणखी एक बाब, जी जवळजवळ कोणीच बघत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचे हक्क मालकाचे होतात, पण बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या लेखाचे हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुळात लिहिणाऱ्याचे असतात. ते तुमच्या नावावर यायला सहीचा लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. एका पानाचा साधा करार पुरतो. त्यातच लिहून घ्यावं की हाच लेख नाव बदलून दुसऱ्या कुणाला दिलेला नाही आणि देणारही नाही. हे मी उगाच सांगत नाही. एकाच लेखाचे दोन मालक मला भेटले आहेत. दोघांनी पूर्ण पैसे भरले होते, आणि असा सारखा मजकूर दिसला की गूगल साधारणपणे त्यातला एकच दाखवतं.

एआयचा लेख

याबद्दल थोडक्यात सांगतो. वेग आणि स्वस्ताई यात त्याला तोड नाही, आणि मसुदा नीटनेटका करायला तो उपयोगी आहे. पण त्याला ताईंचं घर माहीत नाही, म्हणून तो मोकळी जागा स्वतःच्या मनाने भरतो. तिसऱ्या कागदावर "तीन पिढ्यांची परंपरा" आणि "हजारो समाधानी ग्राहक" असं लिहिलं होतं. ताईंचा धंदा सहा वर्षांचा आहे. शिवाय मासे तळताना हाच मसाला लावावा, असा सल्लाही होता. ताईंना तो वाचून खरोखर राग आला, आणि ते बरोबरच होतं: त्यांच्या नावाने चुकीची गोष्ट शिकवली जात होती.

एआय वापरलं म्हणून गूगल लेख मागे टाकतं, हा समज मात्र खरा नाही. मार्च २०२४ मध्ये गूगलने नियमांत स्पष्ट केलं की फक्त शोधात वर येण्यासाठी ढिगाने तयार केलेला, वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसलेला मजकूर स्पॅम धरला जाईल, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. म्हणजे रोज एआयकडून वीस लेख काढून टाकण्यात काही हशील नाही.

मग निवड कशी करायची?

पैसे कमी असतील आणि बोलायची सवय असेल, तर स्वतःच करा, पण लिहू नका, बोला. फोनवर गिऱ्हाइकाला उत्तर देऊन झालं की लगेच तेच मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा. मग ते ऐकून कागदावर उतरवा. उतरवण्याचं आणि शुद्धलेखनाचं काम एआयकडून करून घ्यायला माझी हरकत नाही, अट एवढीच की तुम्ही न बोललेलं एकही वाक्य त्यात राहता कामा नये.

थोडे पैसे असतील तर लिहिणारा माणूस घ्या, पण शब्दावर नको, लेखावर ठरवा, आणि त्याला अर्धा दिवस आपल्या दुकानात बसवा. लालबागच्या मसाला गल्लीत असो की विलेपार्ल्याच्या उपाहारगृहात, गल्ल्याजवळ बसलेल्या माणसाला दोन तासांत जितके प्रश्न ऐकू येतात तितके इंटरनेटवर महिनाभर शोधून मिळत नाहीत. जो लेखक यायला तयार नाही, त्याला काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदाच पाच-दहा लेखांचं पॅकेज घेऊ नका. एक घ्या, त्यावरून किती फोन आले ते वहीत लिहा, मग पुढचं बघा.

वैद्यकीय, आर्थिक किंवा कायद्याच्या सल्ल्याचा व्यवसाय असेल, तर वरचे दोन्ही पर्याय अपुरे पडतात. तिथे त्या विषयातल्या जाणकाराने शेवटचं वाचन केल्याशिवाय लेख बाहेर जाऊ देऊ नये.

लेख बाहेर पाठवण्याआधी एक तपासणी मी प्रत्येकाला सांगतो. लेखातून आपल्या धंद्याचं नाव काढून तिथे शेजारच्या दुकानाचं नाव घाला. लेख तरीही तसाच बरोबर वाटला, तर तो आपला नाही. विकतचा आणि एआयचा, दोन्ही लेख इथेच गळाले. ताईंच्या लेखातलं फक्त सासूबाईंचं वाक्य टिकलं.

त्या दुपारी आम्ही तिन्ही कागद बाजूला ठेवले. ठाण्याच्या बाईंना दिलेलं उत्तर ताईंनी पुन्हा एकदा सांगितलं, मी ते त्यांच्याच शब्दांत उतरवलं. मथळा दिला: "सुरमई तळताना हा मसाला घालू नका". स्वतःचा माल कधी वापरू नये हे मथळ्यातच सांगायचं म्हटल्यावर ताईंना जरा धाकधूक वाटली. "गिऱ्हाईक पळणार नाही ना?" मी म्हटलं, फोनवर तर तुम्ही हेच सांगितलंत, आणि किलोभर विकलात. मग त्यांनी खाली स्वतःच्या हाताने दर, वजन आणि भांडुप ते ठाणे घरपोच असल्याचं लिहिलं, आणि सासूबाईंचं वाक्य शेवटी घेतलं.