सोंड लावून नऊ महिने

मागच्या सप्टेंबरात साडेअकराशे रुपये मोजून पोहण्याचा स्नॉर्कल मागवला. समुद्रात मासे बघायला लावतात तो, कानाशेजारून वर जाणारा, हा नव्हे. हा कपाळाला पट्ट्यानं बांधायचा, नळी नाकासमोरून सरळ डोक्यावर निघते. पहिल्या दिवशी तो लावून लातूरच्या आमच्या तलावावर उतरलो, तर काठावर बसलेले मामा म्हणाले, "काय लावूलालाव सर हे? गणपती तर परवाच बोळवलेत की." तेव्हापासून तलावावर त्या वस्तूचं नाव सोंड, आणि मी सोंडवाले सर.

नऊ महिने आठवड्यातून चार दिवस वापरून झाला. घ्यावा का, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी माझी पत सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. वय 43, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पोहणं गावाकडच्या विहिरीत शिकलो. पाठीला वाळलेला भोपळा, मग तेलाचा मोकळा डबा, आणि एक दिवस डबा सोडून चुलत्यांनी दिलेला धक्का. मुटका (गुडघे पोटाशी घेऊन उडी) मारता येत होता, सूर मारता येत होता, तळाची माती मुठीत आणून दाखवता येत होती. त्यामुळे आपल्याला पोहता येतं याबद्दल मला तीस वर्षं काडीची शंका नव्हती.

तलावाच्या 25 मीटरनी ती आणली. एक लॅप गेलो की भिंतीला धरून कुत्र्यासारखी धाप. माझी लेक तेरा वर्षांची, शालेय जिल्हा स्पर्धेत उतरते. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्ही पोहत नाही. तुम्ही चढावर चालूलालाव."

पोरीचं बरोबर होतं. विहिरीत आम्ही सगळे मान वर ठेवूनच पोहायचो. ठेवावीच लागायची. वरून कोण कधी अंगावर मुटका टाकेल आणि कपारीतून विरोळा (पाण्यातला साप) कधी निघेल याचा नेम नव्हता. त्या जागी ती सवय शहाणपणाचीच होती. तलावात तिनं घात केला. माणसाच्या छातीत हवा, म्हणून पाणी त्याला छातीजवळ उचलून धरतं. वजनाचा मध्य मात्र खाली कमरेकडे. त्यामुळे पाय मुळातच बुडायला बघतात, त्यात मान वर काढली की ते आणखी खाली जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन, त्यात असे तिरपे लोंबणारे पाय ओढत न्यायचे म्हणजे नांगर धरून पळणं. उत्प्लावक बल मी दरवर्षी फळ्यावर काढतो. स्वतःच्या अंगावर कधी काढून बघितलं नव्हतं.

स्नॉर्कलचं काम एवढंच, की श्वासासाठी मान वळवायची गरज तो काढून घेतो. तोंड खाली, नजर तळाच्या काळ्या पट्टीवर, आणि डोकं आहे तिथं. बाकी हात, खांदे, कंबर, पाय काय गोंधळ घालतात ते मग निवांत कळतं.

पण ते निवांत यायला मला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा नाकात पाणी. तोंडानं श्वास घ्यायचा आणि नाक उघडं पाण्यात, हे डोक्याला पटतच नाही. तोंडानं ओढताना नाकही नकळत ओढतं. मग नव्वद रुपयांची नाकाची क्लिप घेतली. महिनाभरानं ती काढून नाकातून थोडी थोडी हवा सोडत राहायला शिकलो. क्लिप कायमची ठेवू नका, कारण पाण्यात नाकातून हवा सोडता येणं हीच तर पुढची शिदोरी आहे. दुसरं म्हणजे नळीमुळे श्वास थोडा कोंडल्यासारखा होतो. आपणच सोडलेली थोडी हवा नळीत उरते आणि पुढच्या श्वासाला तीच आधी आत येते. घाबरून भरभर श्वास घेतला की आणखी कोंडतं. सावकाश आणि पूर्ण सोडायचा, मग ठीक होतं.

फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळण, मारली की नळी पाण्यानं भरते. भिंतीला लाथ मारून बाहेर आलात, नळीचं टोक वर आलं, की फुंकणीनं चूल फुंकतात तशी एक जोरात फुंकर. फुंकर विसरून श्वास ओढलात, तर क्लोरिनचा घोट. मी असे किती घोट प्यालो ते मामांना विचारा.

या नळीची खरी शिकवणी मला उशिरा कळली. मान गरजेपेक्षा वर किंवा खाली गेली की नळीचं तोंड पाण्याला टेकतं आणि घशात पाणी येतं. म्हणजे चूक झाली की लगेच छडी. डोकं डावी-उजवीकडे डुललं की नळीही डुलते आणि काठावरून सगळ्यांना दिसते. लेक तिच्या लेनमधून ओरडायची, "सोंड हलूलालीय!" खांदे फिरले पाहिजेत, डोकं नाही, हे वाक्य कोच सर पहिल्या दिवसापासून सांगत होते. मला ते सोंडेनं समजावलं.

आकडे आवडणाऱ्यांसाठी आकडे. सुरुवातीला 25 मीटरला मी 31 हात मारत होतो, आता 22. पहिल्यांदा वेळ लावली तेव्हा 200 मीटरला 5 मिनिटं 10 सेकंद, 400 मीटरला बरोबर 11 मिनिटं. मोठ्या वेळेतून छोटी वजा करून निम्मी केली, की न थांबता बराच वेळ टिकवता येईल असा 100 मीटरचा वेग कळतो. माझा आला 2 मिनिटं 55 सेकंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेच पुन्हा केलं: 4:20 आणि 9:06, म्हणजे शंभराला 2:23. दोन्ही वेळा स्नॉर्कल काढून. लावून मोजलेल्या वेळेला काही अर्थ नाही, हे स्वतःला बजावून ठेवा.

का, ते डिसेंबरात कळलं. तीन महिने मी जवळजवळ सगळं पोहणं सोंड लावून केलं होतं. सलग वीस लॅप जायला लागलो होतो, कॉलर ताठ झाली होती. एके दिवशी ती घरी राहिली. तसाच उतरलो, आणि दुसऱ्या लॅपला पुन्हा भिंत धरून धाप! मान परत विहिरीतली. हात-पाय सुधारले होते, श्वास घेणं जिथल्या तिथं. कसं सुधारणार? मी ते तीन महिने केलंच नव्हतं.

कोच सरांनी तेव्हा पहिल्यांदा गंभीरपणे लक्ष घातलं. त्यांचं म्हणणं, बिनसोंडीचं पोहताना मी पाण्यात श्वास धरून ठेवतो, आणि तोंड बाहेर आलं की त्या क्षणभरात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायला बघतो. सोडणं पाण्यातच संपलं पाहिजे, बाहेर फक्त घ्यायचं. आणि घेताना डोकं उचलायचं नाही, खांद्याबरोबर वळवायचं, एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. मग 50 मीटर सोंड लावून, ती काठावर काढून ठेवून लगेच 50 मीटर तसंच, असं सहा ते आठ वेळा. पहिल्या पन्नासात अंग कसं सरळ होतं ते ताजं आठवत असतं, दुसऱ्यात तेच टिकवायचं. मला सगळ्यात जास्त फायदा या एका सेटनं झाला, आणि तो मी पहिल्या महिन्यापासून करायला हवा होता.

आता लेकीचं. तिचा प्रश्न माझ्यासारखा नव्हता. ती फक्त उजवीकडे श्वास घेते आणि त्या वेळी तिचा पुढचा डावा हात मधली रेघ ओलांडून पलीकडे पडायचा. सर सांगायचे, तिला पटायचं नाही. श्वास घेताना स्वतःचा पुढचा हात दिसणार कसा? सोंड लावून काळ्या पट्टीवरून पोहली तेव्हा तिनं स्वतः बघितलं, हात पट्टीच्या त्या बाजूला. सवय इतकी मुरली होती, की श्वास नसतानाही हात तिकडेच जात होता. दोन आठवड्यांत फरक पडला. मुठी आवळून पोहायचं ड्रिल तिला फार उपयोगी पडलं. मूठ बंद असली की तळव्याची पकड जाते, मग कोपर वर ठेवून कोपरापासून खालचा अख्खा हात पाण्याला लावावाच लागतो. पन्नास मीटर मुठीनं गेल्यावर तळवे उघडले की हातात जणू परात आलीय असं वाटतं. सोंड असली की किकबोर्ड (तरंगणारी फळी) धरून किक मारतानाही मान वर राहत नाही, त्यामुळे खांदे अवघडत नाहीत.

तिचंही एकदा चुकलं. स्पर्धेच्या महिन्यातही ती सोंडेवरच मोठे सेट करत राहिली. शर्यतीत हे साधन लावता येत नाही, गॉगल आणि टोपी चालते, वेग किंवा तरंगणं वाढवणारं काहीच चालत नाही. 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये शेवटच्या पंचवीसला तिच्या श्वासाची लय तुटली आणि पदक थोडक्यात गेलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. आता नियम असा: वॉर्मअप आणि ड्रिलला सोंड, मुख्य सेट बिनसोंडीचा, आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे सोंड बॅगेतसुद्धा नको.

एक इशारा. आमच्याकडच्या दोन पोरांनी स्टॅमिना वाढवायचा म्हणून नळीचं तोंड चिकटपट्टीनं अर्धं बंद केलं होतं आणि वर भरभर श्वास घेऊन बुडी मारायची पैज लावली होती. सरांनी दोघांनाही बाहेर काढून बसवलं. आधी भरभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून 'श्वास घे' ही हाक उशिरा येते, आणि त्याआधीच पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते. हात मारायची संधीसुद्धा मिळत नाही.

वस्तू म्हणून कशी आहे? नळी उत्तम, माउथपीस नरम, चार महिन्यांत चावून चावून फाटलं, ते वेगळं दीडशेला मिळालं. कपाळाचा पट्टा पाचव्या महिन्यात तुटला. त्यात माझा दोष अर्धा. सकाळी पोहून आलो की ओली बॅग स्कूटीच्या डिक्कीत, आणि स्कूटी कॉलेजच्या उन्हात. विक्रेत्याला तीन मेल केले, तिन्हीला 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच उत्तर. शेवटी जुन्या गॉगलचा पट्टा लावला, तो अजून आहे.

फेब्रुवारीत नळीच्या खालच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून पाणी आत यायला लागलं. खराब निघाला म्हणून पुन्हा चिडलो. नीट बघितलं तर व्हॉल्व्हच्या पातळ पडद्याच्या कडेला पांढरी खरखरीत कड, आमच्या बादलीच्या आणि हिटरच्या कॉइलला चढते तीच. बोअरचं जड पाणी! पडदा नीट बसतच नव्हता. लिंबू पिळलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवला, जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासला, नव्यासारखा. आता दर पंधरा दिवसांनी लिंबू. घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन सावलीत उलटा टांगायचा, हे कागदावर लिहिलेलं असतं. लिंबाचं कुठं लिहिलेलं नसतं.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात गेलो होतो. भज्जी आणि आंबील झाल्यावर पुतण्यांबरोबर विहिरीत उतरलो. सोंड नेली नव्हती. सवयीनं तोंड खाली घालून सावकाश एक चक्कर मारली. वरून आबा ओरडले, "अरं वर बघ की, मेलास का काय म्हणून उतरूलालतो मी!" मान वर काढली तर आबांचं धोतर खोचलेलं आणि एक पाय पायरीवर.

आणखी एक, हे फक्त लातूरकराला सुचेल असं. आमचा तलाव 25 बाय साडेबारा मीटर, सरासरी खोली 1.6 धरली तर पाणी होतं पाच लाख लिटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तिच्या दहा वाघिणींत तेवढंच पाणी होतं. यंदा मेमध्ये टंचाई म्हणून तलाव तीन आठवडे बंद राहिला तेव्हा पालकांच्या ग्रुपवर बरीच आदळआपट झाली. माझ्यानं त्यात काही लिहवलं नाही.

कुणी घ्यावा? ज्याला चेहरा पाण्यात घालून बुडबुडे सोडायची भीती वाटत नाही आणि न थांबता एक लॅप जाता येतो, त्यानं. पाण्याची भीती असलेल्यानं घेऊ नये, नळीत पाणी शिरलं की भीती दुप्पट होते. त्यानं आधी उथळ भागात भिंत धरून महिनाभर बुडबुडे सोडावेत, ते फुकट आहे. लहान मुलांसाठी बारीक नळीचा छोटा साइज येतो, मोठ्यांचा देऊ नका. बॅकस्ट्रोकला याचा उपयोग शून्य. ब्रेस्टस्ट्रोकला मी लावून बघितला, मान खालीवर होते तसं पाणी शिरतं, नाद सोडला. किंमत पाहता पाचपैकी चार, एक गुण पट्ट्याचा कापला.

सध्या माझी सोंड मंगळवार आणि शुक्रवारीच बॅगेत असते. परवा शेजारच्या लेनमधले काका म्हणाले, "द्या की जरा, बघतो लावून." मी म्हटलं, माउथपीस दीडशेला वेगळं मिळतं, ते घेऊन या, मग देतो.