'सापडलेल्या' जॅझ रेकॉर्ड्स: काही महिने ऐकल्यावर काय उरतं

जुन्या जॅझ वादकांच्या 'आजवर न ऐकलेल्या' रेकॉर्डिंग्जचा गेली वीसेक वर्षं नुसता पूर आलाय. कुठल्या तरी ग्रंथालयात, कुणाच्या तरी घरच्या कपाटात टेपचा डबा सापडतो आणि पुढच्या वर्षी तो देखण्या पुस्तिकेसह बाजारात येतो. त्यातल्या पाच मी घेतल्या आणि गेले कित्येक महिने त्या घरात सतत वाजताहेत. पहिल्या आठवड्यात सगळ्याच आवडतात, कारण तेव्हा आपण संगीताइतकीच टेप सापडल्याची कथाही ऐकत असतो. ती कथा शिळी झाल्यावर हात आपोआप कुठल्या रेकॉर्डकडे जातो, ते बघून हे लिहितोय.

पहिला नंबर निर्विवाद. पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, 29 नोव्हेंबर 1957. हार्लेममधल्या मॉर्निंगसाइड कम्युनिटी सेंटरच्या मदतीसाठी झालेला कार्यक्रम. त्याच रात्री त्याच मंचावर बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स आणि सॉनी रोलिन्सही होते. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने तो टेप केला, पुढे त्या टेप्स लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन पडल्या आणि 2005 साली तिथल्या लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती लागल्या. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी ही रेकॉर्ड काढली.

या टेपचं मोल कळायला आधी काय उपलब्ध होतं ते बघावं लागतं. 1957 च्या उन्हाळ्यापासून ही जोडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये महिनोन्महिने वाजवत होती. ऐकणारे त्याबद्दल आयुष्यभर बोलत राहिले. पण मंक, कोल्ट्रेन, बास आणि ड्रम अशा या चौकडीच्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या म्हणून मिळत होत्या त्या तीनच रचना. शिवाय कोल्ट्रेनची पत्नी नायमा हिने 1958 मध्ये क्लबात बसून केलेलं एक साधं रेकॉर्डिंग 1993 साली निघालं. तेही ऐकलंय. वादन जिवंत आहे, पण आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. कार्नेगी हॉलच्या टेपमध्ये मात्र शॅडो विल्सनच्या सिंबलची प्रत्येक किणकिण वेगळी ऐकू येते. दीड-दोन वर्षांत हा ड्रमर गेला. त्याचं काम इतकं स्वच्छ ऐकायला मिळणं हीच मोठी गोष्ट.

'मंक्स मूड' ऐका. मंक मोजके सूर टाकतो आणि जागा मोकळी सोडतो. कोल्ट्रेन त्या मोकळ्या जागेत सुरांच्या लडीच्या लडी उलगडतो, तरी मंकची चाल कुठे झाकोळत नाही. 'स्वीट अँड लव्हली' संथ सुरू होतं आणि मध्येच मंडळी दुगुनीत शिरतात, तिथे अजूनही मी हातातलं काम ठेवून देतो. शेवटची 'एपिस्ट्रॉफी' अर्धवट तुटते. हळहळ वाटते, पण त्यासाठी ही रेकॉर्ड टाळू नका.

दुसरी, 'इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट'. ऑगस्ट 1961, कोल्ट्रेनबरोबर सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेट वाजवणारा एरिक डॉल्फी. व्हिलेज गेट या क्लबातली नवी ध्वनियंत्रणा तपासून बघायला रिच आल्डरसन या तंत्रज्ञाने एकच रिबन मायक्रोफोन लावून हे टिपलं. टेप न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात सापडली आणि रेकॉर्ड 2023 ला आली. इथे आवाजाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एल्विन जोन्सचे ड्रम अंगावर येतात आणि मॅकॉय टायनरचा पियानो बराच मागे राहतो. छोट्या स्पीकरवर तर नुसता गलका वाटेल. मला बरे हेडफोन लावल्यावरच यातले पदर सुटे झाले.

आणि तरीही कार्नेगीखालोखाल मी हीच ऐकतो, ती 'आफ्रिका'साठी. ही रचना त्याच वर्षी स्टुडिओत पितळी फुंकवाद्यांचा मोठा ताफा घेऊन झाली होती. इथे ताफा नाही. दोन सॅक्सोफोनवाले, पियानो, ड्रम आणि दोन बास, रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस. वीस मिनिटांहून जास्त चालणाऱ्या या वादनात दोन्ही बास एकमेकांशी बोलतात तो भाग डोळे मिटून ऐकावा असा आहे. त्याच नोव्हेंबरमध्ये 'डाउनबीट' मासिकात कोल्ट्रेन-डॉल्फी जोडीच्या वादनाला 'अँटी-जॅझ' म्हटलं गेलं. ती टीका मी अनेकदा वाचली होती. टीकाकाराला कानांवर नेमकं काय आदळलं असेल, याची कल्पना ही टेप ऐकून येते. डॉल्फी 1964 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. 'व्हेन लाइट्स आर लो'मधला त्याचा बास क्लॅरिनेट ऐकताना ते सारखं आठवतं.

'अ लव्ह सुप्रीम: लाइव्ह इन सिअ‍ॅटल' (वादन 1965, प्रकाशन 2021) ही कोल्ट्रेनचीच, पण रोज ऐकायची रेकॉर्ड नाही. मूळ स्टुडिओ अल्बम तेहतीस मिनिटांचा, हे प्रकरण सव्वा तासाचं, आणि फॅरो सँडर्सच्या सॅक्सोफोनच्या किंकाळ्या सोसायची तयारी हवी. मूळ अल्बम अंगात मुरलेला असेल तरच घ्या. मुरलेला असेल तर मात्र नक्की घ्या.

सर्वांत गाजावाजा झाला तो कोल्ट्रेनच्याच 'बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स'चा. 6 मार्च 1963 ला व्हॅन गेल्डर स्टुडिओत झालेलं एका दिवसाचं काम, नायमाच्या कुटुंबाकडे राहिलेल्या टेपवरून 2018 साली प्रकाशित झालं. जाहिरातीत 'हरवलेला अल्बम' म्हटलं होतं, पण कोल्ट्रेनने अल्बम म्हणून ही जुळणी केली होती असं ऐकताना कुठेच वाटत नाही. 'स्लो ब्लूज' अप्रतिम, आणि नाव न दिलेल्या दोन रचनांपैकी 11386 क्रमांकाची मनात घर करते. बाकीचं चांगलं आहे, एवढंच. महागड्या आवृत्तीतली दुसरी तबकडी म्हणजे त्याच रचनांचे आणखी टेक्स, म्हणजे त्याच रचना पुन्हा वाजवून केलेली मुद्रणं. 'इम्प्रेशन्स' एकूण चार वेळा आहे. अभ्यासाला उत्तम, पण मी ती फार क्वचित लावतो. साधी एक तबकडीची आवृत्ती पुरे.

पाचवी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची 'रबरबँड'. 1985 चं अर्धवट काम, 2019 मध्ये नवे गायक घेऊन पुरं केलेलं. माणूस गेल्यावर दुसऱ्यांनी त्याच्या वादनाभोवती रचलेलं गाणं माझ्या गळी उतरलं नाही. ट्रंपेट तेवढा खरा वाटतो.

आपल्याकडे खासगी बैठकींच्या टेप्स हातोहात फिरायच्या, त्यांच्यावर ज्यांचा कान तयार झाला त्यांना यातला फरक लगेच कळेल. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, पण भरलेल्या मैफलीत त्यांचा राग कसा वाढत जायचा हे आपल्याला ऐकायला मिळत नाही. जॅझच्या बाबतीत तसं ऐकायला मिळतंय, आणि म्हणून माझा कौल श्रोत्यांसमोर वाजलेल्या टेप्सना आहे. तिथे वादक समोरच्या माणसांसाठी जोखीम घेतात. स्टुडिओतल्या उरलेल्या टेक्समध्ये बहुतेक वेळा तेच उरलेलं असतं, जे त्यांनी स्वतः बाजूला ठेवलं होतं.

घेताना एक बघा. तारीख, जागा, वादकांची नावं आणि टेप कुठून आली याचा उल्लेख नसलेल्या रेडिओ-प्रक्षेपणाच्या रेकॉर्ड्स ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यांच्या वाट्याला जाऊ नका. आवाज बहुधा खराब असतो, आणि वादकांच्या वारसांना त्यातलं काही मिळतं की नाही, याची खात्री नसते. कोल्ट्रेन अजून ऐकलाच नसेल, तर या पाचही बाजूला ठेवून आधी त्याचे हयातीतले अल्बम ऐका. ऐकला असेल आणि खिशाला एकच परवडणार असेल, तर कार्नेगी हॉल.