पोलिसांकडचा कागद हवाय: माहिती अधिकार, ठाण्यात साधा अर्ज की कोर्टातली नक्कल?

तक्रारीचं पुढे काय झालं कळत नाही, विमा कंपनी पंचनामा मागते, शेजाऱ्याने आपल्याविरुद्ध काय लिहून दिलंय ते पाहायचंय. अशा वेळी पहिला विचार येतो ‘आरटीआय टाकू’, म्हणजे माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करू, असा. महाराष्ट्रात तरी बरेचदा हाच सगळ्यात लांबचा रस्ता ठरतो. आधी दोन गोष्टी ठरवा: प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, आणि तुम्ही त्यात कोण आहात.

एफआयआरच हवा असेल तर आरटीआय विसरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार फिर्यादीला किंवा पीडिताला प्रत मोफत मिळते. बाकीच्यांसाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर असतात. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे ते २४ तासांत चढवायचे असतात. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यात नसतात. ती सोडली तर पाच मिनिटांच्या कामासाठी आरटीआयच्या उत्तराची तीस दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही.

तपास चालू असेल तर फिर्यादीने साधा अर्ज द्यावा. त्याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अर्जात गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि हे कलम लिहा, एक प्रत उपायुक्त किंवा अधीक्षक कार्यालयात द्या, दोन्हींवर शिक्क्याची पोच घ्या. याच टप्प्यावर आरटीआय केला तर बहुधा ‘कलम ८(१)(ज)’ असं माहिती अधिकार कायद्यातलं कलम दाखवणारं एका ओळीचं उत्तर येतं. मराठी पत्रातला हा ‘ज’ म्हणजे इंग्रजी कायद्यातला ‘एच’, म्हणजे तपासात किंवा खटल्यात अडथळा. त्याला ‘जे’, म्हणजे वैयक्तिक माहितीची सूट, समजून अपील लिहिलं की सगळा युक्तिवाद भलतीकडेच जातो.

आरोपपत्र दाखल झालं की कोर्टाचा रस्ता चांगला. आरोपीला, आणि वकील दिला असेल तर पीडितालाही, सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार पोलीस अहवाल व कागदपत्रांच्या प्रती मोफत मिळतात. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. प्रकरणाशी संबंध नसलेल्याने कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा, पण त्याला कोर्टाची परवानगी लागते. आरोपपत्र सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. कोर्टाच्या फाइलसाठी कोर्टाकडेच आरटीआय करूनही उपयोग नाही, तिथे न्यायालयाचे नक्कल नियम चालतात.

मग आरटीआय कुठे भारी पडतो? गुन्हा दाखल होण्याआधीच्या टप्प्यावर. तुमचा तक्रार अर्ज आवक झाला का, कोणत्या अंमलदाराकडे गेला, चौकशी अहवालात काय लिहिलं, स्टेशन डायरीत (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) त्या तारखेला काय नोंद आहे, हे मिळवायला दुसरा रस्ता सहसा नसतो. निकाली निघालेली प्रकरणं, बंदोबस्ताचे आदेश, ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण हेही यात येतं. चित्रीकरणाच्या बाबतीत मात्र घाई करा. ते १८ महिने, आणि तशी सोय नसेल तर किमान वर्षभर जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, पण जुन्यावर नवं रेकॉर्ड होण्याचा धोका असतोच. म्हणून त्याच दिवशी ‘अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, अमुक कॅमेरा, चित्रीकरण जपून ठेवावे’ असं वेगळं पत्र द्या.

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा मजकुरामुळे. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे. ‘कारवाई का केली नाही?’ हा प्रश्न नापास होतो, कारण ‘का’चं उत्तर ही माहिती नव्हे असा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा २००८ चा निकाल आहे. त्याऐवजी असं लिहा: ‘दिनांक अमुकच्या माझ्या अर्जाची आवक नोंद, त्यावरील शेरे, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल यांच्या प्रती द्याव्यात, तसेच त्या फाइलची पाहणी करू द्यावी.’ पाहणी जरूर मागा. पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. फाइल समोर आली की नेमकं कोणतं पान हवं ते कळतं, आणि प्रत पानाला २ रुपयांत मिळते.

कागदी की ऑनलाइन? ठाण्यापुरती माहिती असेल तर आम्ही कागदी अर्जच सुचवू: जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, हातोहात पोच. जनमाहिती अधिकारी, म्हणजे आरटीआय अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, कोण ते ठाण्यातल्या फलकावर पाहा. दर ठिकाणी तो ठाण्याचाच निरीक्षक असेल असं नाही. आयुक्तालय किंवा महासंचालक कार्यालयासाठी राज्याचं आरटीआय पोर्टल सोयीचं. केंद्राच्या पोर्टलवर राज्य पोलिसांचा अर्ज टाकू नका. तो परत येतो आणि शुल्क बुडतं.

नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. नुसतं ‘तपास चालू आहे’ पुरत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगत सिंग निकाल त्यात लिहा. कलम १० नुसार गोपनीय भाग झाकून उरलेला मागा. एखाद्या अधिकाऱ्याच्या विभागीय चौकशीचे कागद हवे असतील तर जास्त तयारी लागेल. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहितीची सूट, म्हणजे ८(१)(ञ), फार रुंद झाली आहे. त्यामुळे व्यापक जनहित कोणतं ते कलम ८(२) च्या आधारे नेमकं मांडा. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे. तिथे सुनावणीला वर्ष उलटू शकतं, म्हणून पहिल्या अपिलातच जीव ओता.

प्रतींचं शुल्क भरा असं पत्र वेळेत आलं तर पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटून गेल्यावर पैसे मागितले तर भरू नका. कलम ७(६) नुसार प्रती मोफत द्याव्या लागतात.