मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल: जोडणी झकास, बाकीचं काम मात्र आपलंच

एआय मॉडेलला फायली, डेटाबेस, कॅलेंडर यांच्याशी जोडायचं तर पूर्वी प्रत्येक जोडीसाठी वेगळा कोड लिहावा लागायचा. पाच ॲप आणि आठ सेवा म्हणजे चाळीस जोडण्या. क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, हा आकडा तेरावर आणतो. प्रत्येक ॲपने क्लायंट, म्हणजे मागणारी बाजू, एकदाच लिहायचा; प्रत्येक सेवेने सर्व्हर, म्हणजे पुरवणारी बाजू, एकदाच. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेही तो स्वीकारला, त्यामुळे लिहिलेला सर्व्हर एकाच कंपनीच्या मॉडेलला बांधलेला राहत नाही. हा याचा सगळ्यात मोठा गुण.

रचनाही सुटसुटीत आहे. निरोप जेसन-आरपीसी २.० या ठरलेल्या मजकूर-साच्यात जातात. क्लायंट आधी 'इनिशियलाइझ' पाठवतो, दोघांमध्ये आवृत्ती आणि क्षमता ठरतात, मग टूल्सची, म्हणजे मॉडेल करवून घेऊ शकेल अशा कामांची, यादी मागवली जाते. सर्व्हर टूल्स, रिसोर्सेस (वाचायची माहिती) आणि प्रॉम्प्ट्स (तयार सूचना) असं तीन तऱ्हेचं काही देऊ शकतो. प्रत्यक्षात भर टूल्सवरच असतो. बाकीचे दोन काही क्लायंट दाखवतही नाहीत, तेव्हा महत्त्वाची माहिती फक्त रिसोर्समध्ये ठेवू नका.

आपल्याच मशीनवरच्या सर्व्हरसाठी एसटीडीआयओ, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून निरोप पाठवायची पद्धत, वापरावी. पण सर्व्हर सुरू होतो आणि लगेच जोडणी तुटते, हा त्यातला नेहमीचा त्रास. कारण बहुतेक वेळा एकच: कोडमध्ये कुठेतरी साधं प्रिंट राहिलेलं असतं. स्टँडर्ड आउटपुटवर प्रोटोकॉलच्या निरोपांखेरीज एक अक्षरही जाता कामा नये, कारण क्लायंट प्रत्येक ओळ जेसन समजून वाचतो. सगळे लॉग स्टँडर्ड एररवर वळवा. कॉन्फिग फाइलमध्ये पूर्ण पाथ द्या आणि एपीआय-की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) तिथल्याच एन्व्हमध्ये, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या विभागात, लिहा. टर्मिनलमधले व्हेरिएबल्स सर्व्हरपर्यंत पोहोचतीलच असं नाही. मॉडेलला जोडण्याआधी एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनात प्रत्येक टूल हाताने चालवून पाहा, म्हणजे चूक सर्व्हरची की मॉडेलची हे तिथेच कळतं.

दूरच्या सर्व्हरसाठी मार्च २०२५ च्या आवृत्तीत स्ट्रीमेबल एचटीटीपी ही वेबवरून जोडायची पद्धत आली आणि आधीची दोन एंडपॉइंटची (विनंती पाठवायच्या पत्त्यांची) पद्धत मागे पडली. बदल चांगलाच आहे. मात्र लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा) लावून त्यामागे सर्व्हरच्या दोन-तीन प्रती चालवल्या आणि सेशन, म्हणजे चालू जोडणीची नोंद, एकेका प्रतीच्या मेमरीत ठेवली, तर पुढची विनंती दुसऱ्याच प्रतीकडे जाऊ शकते आणि ४०४ ('सापडलं नाही') ही चूक येते. सेशन सामायिक ठिकाणी ठेवा, नाहीतर सर्व्हर सेशनविनाच चालेल असा लिहा.

आता प्रोटोकॉल जे करत नाही ते. मॉडेल टूल निवडतं ते नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (कोणती माहिती कशी द्यायची याचा आराखडा) वाचून. 'डेटा शोधतो' एवढंच वर्णन असेल तर ते टूल चुकीच्या वेळी बोलावलं जाणारच. त्याऐवजी असं लिहा: 'ऑर्डर क्रमांकावरून एका ऑर्डरची स्थिती देतो; ग्राहकाच्या नावावरून शोधत नाही.' यातला नकार फार उपयोगी पडतो. साधारणपणे जोडलेल्या सगळ्या टूल्सची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचतं त्या मर्यादित मजकुरात, जातात, म्हणून एपीआयचा प्रत्येक एंडपॉइंट टूल म्हणून उघडू नका. जागा खर्च होते आणि निवडही बिघडते. टूलमधली चूक 'इज-एरर' ही चुकीची खूण लावून निकालातच परत द्या आणि काय दुरुस्त करायचं तेही त्यात सांगा. 'तारीख वर्ष-महिना-दिवस अशी हवी' हे वाचून मॉडेल स्वतः सुधारून पुन्हा बोलावू शकतं. नुसत्या 'अयशस्वी'वरून त्याला काहीच कळत नाही.

सुरक्षेबाबत आमचं मत कडक आहे. बाहेरून आलेला ईमेल किंवा वेबपान यात मॉडेलसाठी छुपी सूचना असू शकते. खाजगी डेटा वाचणारं, असा अनोळखी मजकूर आणणारं आणि बाहेर काही पाठवणारं टूल एकाच संभाषणात आली, की डेटा फुटण्याची वाट मोकळी होते. टूलवर 'फक्त वाचन' अशी खूण असली तरी ती सर्व्हरने स्वतःच लावलेली असते. तिच्या भरवशावर परवानगी देऊ नका. डेटाबेसचा युजरच केवळ वाचनाच्या हक्काचा ठेवा आणि पाठवणं-पुसणं माणसाच्या होकाराशिवाय चालू देऊ नका.

एकाच ॲपमधून एकच एपीआय ठरलेल्या क्रमाने बोलवायची असेल तर एमसीपीच्या भानगडीत पडू नये, थेट कॉल करावा. तोच सर्व्हर दोन-तीन क्लायंटना लागणार असेल, तर मात्र यावर घालवलेला वेळ वसूल होतो.