डायलिसिसच्या पाण्यासाठी जेल-क्लॉट एलएएल किट: काय पकडतं, काय सुटतं

सांगली-मिरजेतल्या डायलिसिस युनिटला आरओच्या पाण्यातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) जागेवरच तपासायचं असेल, तर ०.१२५ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट)/मिली संवेदनशीलतेचं जेल-क्लॉट किट जरूर घ्यावं. डायलिसिसच्या पाण्याची मर्यादा ०.२५ आहे. पाणी तिच्या निम्म्यावर पोचलं की किट सांगतं, प्लांट धुवायला वेळ मिळतो. अल्ट्राप्युअर पाण्याला मात्र ०.०३ चं किट लागतं.

यातलं लायसेट (एलएएल, म्हणजे लिम्युलस अमीबोसाइट लायसेट) हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनतं. त्या पेशींमधला फॅक्टर-सी ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या आवरणातल्या एलपीएसला (लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन) चिकटतो, पुढची एन्झाइमं एकामागून एक जागी होतात आणि द्रव गोठून जेलचा गोळा होतो. तेच एलपीएस आपल्या मोनोसाइट्सना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) टीएलआर-४ या ग्राहक-प्रथिनामुळे कळतं. त्या आयएल-१, टीएनएफ ही ताप आणणारी प्रथिनं सोडतात आणि मशीनवरच्या पेशंटला हुडहुडी भरते. स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना एलपीएसच नसतं. त्यांची लायपोप्रोटीनं आपल्या शरीरात टीएलआर-२ ओळखतो, किटला ती दिसत नाहीत. म्हणून कल्चर (पाण्यातले जिवाणू वाढवून मोजणं) बंद करू नका. उलट बाजूही ध्यानात ठेवा: निर्जंतुकीकरणात जिवाणू मरतात, एलपीएस उरतं. कल्चर कोरं आणि किट पॉझिटिव्ह, असं झालं तर किटवर शंका घेऊ नका.

बुरशीच्या भिंतीतला बीटा-ग्लुकन आपल्या पेशी डेक्टिन-१ या दुसऱ्या ग्राहकाने वेगळा ओळखतात. लायसेटमध्ये मात्र तो फॅक्टर-जी मार्फत तोच गोळा तयार करतो. सेल्युलोजच्या फिल्टरमधूनही ग्लुकन येतो. ग्लुकन-ब्लॉकर बफर सोबत मिळत असेल तरच किट घ्या.

कृती सोपी, पण हात स्थिर हवा. १० × ७५ मिमीच्या काचेच्या नळीत ०.१ मिली नमुना, ०.१ मिली लायसेट. ३७ अंशांवर ६० मिनिटं. मग नळी सावकाश पूर्ण उलटी करा. गोळा तळाला धरून राहिला तर पॉझिटिव्ह, घसरला तर निगेटिव्ह. मधेच नळी उचलून पाहिली किंवा त्याच टेबलावर सेंट्रिफ्यूज फिरत असला तर गोळा मोडतो, आणि मोडलेला पुन्हा जमत नाही. साध्या काचेच्या नळ्या वापरणार असाल तर २५० अंशांवर किमान ३० मिनिटं कोरड्या उष्णतेत ठेवा. ऑटोक्लेव्हने एंडोटॉक्सिन जात नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती सायट्रिक ॲसिडने. मशीन किंवा लूप (पाणी फिरवणारी पाइपलाइन) धुतल्यावर ते उरलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवतं, लायसेट गोठत नाही आणि घाण पाणीही पास होतं. त्यासाठी नमुन्यात ०.२५ ईयू/मिली स्टँडर्ड (मोजून दिलेलं एंडोटॉक्सिन) घातलेली एक नळी दर वेळी लावायचीच. तीही गोठली नाही, तर तो रिपोर्ट रद्द समजा. स्टँडर्ड काचेला चिकटतं. व्होर्टेक्स मिक्सरवर किती मिनिटं फिरवायचं ते माहितीपत्रकात असतं, त्यात काटकसर करू नका.

लायसेट २ ते ८ अंशांतच राहायला हवं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पार्सल आलं की आधी आइस पॅक हाताने चाचपून पाहा; वितळून कोमट झाला असेल तर सही न करता परत पाठवा.