पायथनचे पाथलिब: दुसऱ्या संगणकावरचा प्रोग्रॅम चालवताना कितपत उपयोगी?

सांगलीच्या मार्केट यार्डातील काही आडत दुकानांचे हिशेब आमच्या विश्रामबागच्या कार्यालयात होतात. आतल्या खोलीत लिनक्सचा सर्व्हर आहे आणि बाहेरच्या टेबलांवर विंडोजचे संगणक आहेत. सौद्यांची आकडेवारी सर्व्हरवर तयार होते, पण शेतकऱ्यांच्या पट्ट्या छापणारा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. त्यामुळे सर्व्हरवरच्या पायथन स्क्रिप्टने एसएसएचमार्फत (दुसऱ्या संगणकावर आज्ञा चालवण्याची सोय) पलीकडचा प्रोग्रॅम सुरू करायचा आणि कोणती फाइल छापायची तिचा पाथ, म्हणजे फोल्डरांसह पूर्ण पत्ता, त्याला द्यायचा, अशी रोजची व्यवस्था आहे. पाथ जुळवण्यासाठी आम्ही पायथनसोबतच मोफत मिळणारे पाथलिब हे मॉड्यूल वापरतो. हे परीक्षण त्या एवढ्याच कामापुरते आहे.

पाथमध्ये कोणते चिन्ह वापरायचे यावरून विंडोज आणि लिनक्स या दोन घराण्यांतला तंटा जुना आहे. १९८३ मध्ये विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉसच्या २.० आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा स्लॅश (/) हे चिन्ह आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी आधीच वापरात असल्याने पाथसाठी बॅकस्लॅश (\) निवडला गेला. लिनक्स ज्या घराण्यातले त्या युनिक्समध्ये स्लॅशच राहिला आणि तिथल्या शेलमध्ये (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) बॅकस्लॅशकडे पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेण्याचे वेगळेच काम आहे. पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्येही (अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर) बॅकस्लॅशनंतर इंग्रजी लहान टी आला की त्या जागी टॅब होतो, त्यामुळे टॅलीचे फोल्डर लहान अक्षरांत लिहिले तर पाथच्या पोटात टॅब शिरतो आणि फाइल सापडत नाही असा निरोप येतो, जो वाचून खरे कारण कुणाच्याही लक्षात येणार नाही.

पाथलिब २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आले. त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फाइलला हात न लावता केवळ पाथचा मजकूर हाताळणारे ‘प्युअर’ वर्ग (क्लास), आणि नेमके त्यांच्याकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. साधा ‘पाथ’ वर्ग ज्या संगणकावर स्क्रिप्ट चालते त्याचेच चिन्ह वापरतो, आणि आमच्या कामात तेच चुकीचे ठरते, कारण पाथ लिहिणारा संगणक लिनक्सचा असला तरी तो उघडणारा विंडोजचा आहे. ‘प्युअरविंडोजपाथ’ मात्र लिनक्सवर बसूनही विंडोजचे नियम पाळतो. सुरुवातीला दोन साधे स्लॅश देऊन सर्व्हर, शेअर (नेटवर्कवर खुले केलेले फोल्डर) आणि फाइल यांची नावे साध्या स्लॅशनेच जोडली, तरी स्ट्रिंग मागताच सुरुवातीच्या दोन बॅकस्लॅशसह विंडोजला हवा तसा नेटवर्क पाथ मिळतो. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानता दोन पाथ समान आहेत की नाहीत हेही तो बरोबर सांगतो. उलट, विंडोजचा पाथ ‘प्युअरपॉझिक्सपाथ’ला दिला, तर लिनक्सवर बॅकस्लॅश हा नावातला वैध भाग असल्यामुळे तो अख्खा पाथ एकाच फाइलचे नाव समजतो. ‘विंडोजपाथ’ हा फाइलला प्रत्यक्ष हात लावणारा वर्ग लिनक्सवर तयार करू पाहिला, तर पाथलिब सरळ नकार देते; ही कडक शिस्त मला आवडते.

मात्र पाथ स्ट्रिंग होऊन बाहेर पडला की पाथलिबचा त्यावरचा अधिकार संपतो, आणि आमचा निम्मा त्रास तिथूनच पुढे आहे. एसएसएचची आज्ञा यादीच्या रूपात सबप्रोसेस या दुसरे प्रोग्रॅम चालवणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलला दिली तर आपल्या बाजूचे, म्हणजे लिनक्सचे, शेल मध्ये येत नाही आणि बॅकस्लॅश शाबूत राहतात. शेल चालू करण्याचा पर्याय दिला, तर अवतरणचिन्हांबाहेरचे बॅकस्लॅश लिनक्सचे शेलच गिळून टाकते. पलीकडे विंडोजवर एसएसएच पुरवणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये मूळचे शेल सीएमडी हे विंडोजचे जुने शेल असते. त्याला प्रोग्रॅमचा पाथ स्लॅशने दिला, तर पहिल्या स्लॅशपर्यंतचा भाग तो आज्ञा समजतो आणि अशी आज्ञा ओळखीची नाही असे सांगतो. म्हणून पाथ स्लॅशने लिहून देणारी ‘ॲज पॉझिक्स’ ही पाथलिबची पद्धत इथे टाळावी. ‘हळद पट्टी’सारख्या मोकळी जागा असलेल्या फोल्डरांसाठी शेलेक्स या पायथनच्या मॉड्यूलमधल्या आपोआप अवतरणचिन्हे लावण्याच्या सोयीचाही उपयोग नाही, कारण ते एकेरी चिन्हे लावते आणि सीएमडी फक्त दुहेरी चिन्हे मानतो.

दुहेरी चिन्हे हाताने लावायची तर आणखी एक खोच आहे. केवळ सर्व्हर आणि शेअर एवढाच पाथ असेल तर ‘प्युअरविंडोजपाथ’ त्याच्या शेवटी आपणहून बॅकस्लॅश ठेवतो. तो बॅकस्लॅश मिटणाऱ्या अवतरणचिन्हाला चिकटला की रोबोकॉपी या फाइली नकलणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमसारखा प्रोग्रॅम त्या चिन्हालाच पाथचा भाग मानतो आणि पुढचे पर्यायही त्यातच ओढले जातात. अशा वेळी शेवटचा बॅकस्लॅश दुप्पट करावा लागतो.

नावे ‘स्वच्छ’ करण्याची पाथलिबची सवयही कधी अंगावर येते. ‘./’ने सुरू होणारा प्रोग्रॅमचा पाथ दिला की ती दोन चिन्हे काढून टाकली जातात, आणि मग लिनक्स तो प्रोग्रॅम चालू फोल्डरमध्ये न शोधता ‘PATH’ या पर्यावरण-चलात (प्रोग्रॅम जिथे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) दिलेल्या फोल्डरांमध्ये शोधू लागते. फोल्डरच्या शेवटचा स्लॅशही जातो, आणि आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ फोल्डरापुढे स्लॅश असला तर आतल्या फाइली आणि नसला तर फोल्डरच जातो, इतका त्यात फरक आहे. पहिल्या ठिकाणी ‘रिझॉल्व्ह’ केलेला पूर्ण पाथ आणि दुसऱ्या ठिकाणी हाताने जोडलेला स्लॅश हाच उपाय.

ड्राइव्हच्या अक्षरांबाबत पाथलिबला दोष देता येणार नाही, पण वापरणाऱ्याने जाणून असावे. टेबलावर बसलेल्या माणसाला दिसणारा झेड ड्राइव्ह त्याच्या लॉगिनपुरताच असतो. एसएसएचमधून आलेल्या सत्राला तो दिसत नाही, म्हणून पाथ सर्व्हरच्या नावानेच द्यावा. नेटवर्क पाथ चालू फोल्डर म्हणून सीएमडीला चालत नाही. ‘पुशडी’ ही फोल्डर बदलण्याची आज्ञा वापरल्यास तो तात्पुरते ड्राइव्ह-अक्षर लावून घेतो. आणि एसएसएचचे लॉगिन पासवर्डाऐवजी चावीने (ओळख पटवणाऱ्या की-फाइलने) झाले असेल, तर त्या सत्रातून तिसऱ्या संगणकावरच्या शेअरला परवानगी मिळत नाही, मग पाथ कितीही अचूक असो. आम्ही फाइल आधी छापणाऱ्या संगणकावरच नेऊन ठेवतो.

ज्यांच्याकडे लिनक्स आणि विंडोज एकत्र नांदतात त्यांनी पाथलिब जरूर घ्यावे, पण ‘प्युअर’ वर्ग वापरूनच. सगळे संगणक विंडोजचे असतील आणि स्क्रिप्ट चार ओळींची असेल, तर पॉवरशेल या विंडोजच्या नव्या शेलमधली पाथ जोडणारी ‘जॉइन-पाथ’ ही आज्ञा पुरते. तिथे बॅकस्लॅशला विशेष अर्थ नसल्यामुळे वरच्या बऱ्याच भानगडी मुळातच उद्भवत नाहीत.